जरथुष्ट्री (पारशी) धर्म: एका अतिप्राचीन जिवंत परंपरेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगातील सर्वांत जुन्या आणि आजही पाळल्या जाणाऱ्या धर्मांविषयी येणाऱ्या प्रश्नांत पारशांविषयीचे प्रश्न सर्वाधिक असतात. मुंबई-पुण्यातील अग्यारीच्या, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराच्या, दारावरून रोज जाणाऱ्या, पण आत काय चालते हे कधीच न पाहिलेल्या वाचकांचे कुतूहल त्यामागे असावे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

१. जगातील सर्वांत जुना धर्म नेमका कोणता? हिंदू, पारशी की ज्यू?

मोजपट्टी कोणती लावता यावर उत्तर बदलते. ऋग्वेदातील सूक्तांचा काळ बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी १५०० ते १००० च्या दरम्यान धरतात. त्या अर्थाने वैदिक परंपरेइतके जुने जिवंत वाङ्मय क्वचितच सापडेल. मात्र ‘हिंदू’ हे धर्मवाचक नाव फार नंतरचे आहे आणि आज घरोघरी होणारी पूजा यज्ञापेक्षा पुराणांच्या अधिक जवळची आहे. ‘इस्रायल’ या लोकसमूहाचा सर्वांत जुना कोरीव उल्लेख इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या, इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात आहे. ज्यूंचे धर्मग्रंथ मात्र पुढच्या कित्येक शतकांत आकाराला आले. (कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे आपले शनवार तेली, याच परंपरेतले.) जैन परंपरा पार्श्वनाथांना महावीरांच्या २५० वर्षे आधी ठेवते.

जरथुष्ट्री धर्माचा दावा वेगळ्या प्रकारचा आहे. ज्यांचा संस्थापक नावानिशी माहीत आहे आणि त्याचेच मानले जाणारे शब्द आजही प्रार्थनेत म्हटले जातात, अशा धर्मांत तो बहुधा सर्वांत जुना ठरतो. ‘बहुधा’ हा शब्द का वापरावा लागतो, ते पुढच्या उत्तरात आले आहे.

२. जरथुष्ट्र कधी होऊन गेले?

या धर्माचे संस्थापक जरथुष्ट्र यांच्या काळाविषयी दोन मते आहेत आणि त्यांत जवळजवळ एक सहस्रकाचे अंतर आहे. इराणी परंपरेतील एक गणना त्यांना सिकंदराच्या २५८ वर्षे आधी, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास आणून ठेवते. भाषेचा पुरावा पाहणारे अभ्यासक त्यांना इसवी सनापूर्वी १५०० ते १००० च्या दरम्यान, पूर्व इराण किंवा मध्य आशियात ठेवतात. जरथुष्ट्रांच्या मानल्या जाणाऱ्या १७ सूक्तांची, म्हणजे गाथांची, भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे की या दोहोंत हजार वर्षांचे अंतर पडले असेल हे पटणे कठीण जाते. प्रस्तुत लेखकाला हाच युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो.

३. अवेस्ता (पारशांचा धर्मग्रंथ) आणि ऋग्वेद यांचे नाते खरेच इतके जवळचे आहे का, की ते केवळ सांगण्यापुरते?

एक ओळ पाहिली की शंका उरत नाही. मिथ्र या यजताच्या (पूजनीय दिव्य शक्तीच्या) स्तुतीतील अवेस्ताची ओळ अशी: ‘तेम् अमवन्तेम् यज़तेम्, सूरेम् दामोहु सेविश्तेम्, मिथ्रेम् यज़ाइ ज़ओथ्राब्यो’. ठरावीक ध्वनिनियमांनी तिचे संस्कृत केले तर ती अशी होते: ‘तम् अमवन्तं यजतं, शूरं धामसु शविष्ठं, मित्रं यजै होत्राभ्यः’. शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसालाही तिचा अर्थ अंदाजाने लागतो: त्या सामर्थ्यवान, शूर, सर्व सृष्टीत बलिष्ठ अशा मित्राला मी आहुतींनी पूजतो.

अनेक शब्दांत आपल्याकडचा ‘स’ तिकडे ‘ह’ होतो. सोम तो हओम, असुर तो अहुर, सप्तसिंधू ते हप्त हिन्दु. याच ‘हप्त’चा फारसीत ‘हफ्ता’ झाला आणि मराठीत ‘हप्ता’; कर्जाचा हप्ता भरताना आपण नकळत ‘सप्त’चाच इराणी अवतार उच्चारत असतो. यज्ञ तो यस्न, होतृ तो ज़ओतर, आणि ऋताच्या जागी तिकडे ‘अश’ आहे, म्हणजे सत्य आणि सृष्टीची सुव्यवस्था.

एक गोष्ट मात्र उलटी झाली आहे. अवेस्तात ‘अहुर’ म्हणजे ईश्वर, तर ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती, आणि इंद्राची गणना तेथे दएवांत होते. यावरून दोन टोळ्यांत मोठे धर्मयुद्ध झाल्याच्या कथा रचल्या जातात, पण ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवतेलाही आदराने ‘असुर’ म्हटलेले आहे. अर्थांची ही फारकत हळूहळू झालेली दिसते.

४. अवेस्ताची हस्तलिखिते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आधीची मिळत नाहीत. मग ग्रंथ तीन हजार वर्षे जुना कसा?

हस्तलिखिताचे वय आणि रचनेचे वय या वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिसूचीत केली. त्यांतील सर्वांत जुने १४६४ सालचे आहे. म्हणून ऋग्वेद पंधराव्या शतकातला आहे असे कोणी म्हणत नाही.

अवेस्ताही शतकानुशतके मुखोद्गत होता. तो उतरवून घेण्यासाठी इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजघराण्याच्या काळात एक खास लिपी तयार करण्यात आली, आणि तीत स्वरांच्या बारीकसारीक छटांनाही स्वतंत्र अक्षरे दिली गेली, कारण मंत्राचा उच्चार बिघडला तर मंत्रच बिघडला ही त्यामागची समजूत होती. आपल्याकडच्या घनपाठी ब्राह्मणांना ही चिंता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या अवेस्ताचा मोठा भाग कालौघात नष्ट झाला. जे उरले ते मुख्यतः विधींत रोज म्हटले जात होते म्हणून उरले.

५. पारशी लोक अग्नीची पूजा करतात का?

‘अग्निपूजक’ हा शब्द पारशांना बहुधा आवडत नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्त आहे. उपास्य एकच, अहुर मज्द. अग्नी हे त्याचे तेजोमय प्रतीक आणि प्रार्थनेची दिशा आहे. अग्यारी नसेल तेथे दिव्याकडे किंवा सूर्याकडे तोंड करून प्रार्थना होते. तथापि अग्नी ‘केवळ प्रतीक’ आहे असे म्हणणेही पुरेसे नाही. प्रतिष्ठापना झालेल्या अग्नीला ‘पादशाह’ म्हणतात, त्याच्यासाठी चंदनाचे तुकडे सिंहासनासारखे रचतात आणि त्याची सेवा राजासारखीच करतात (प्रश्न ९ पाहा).

६. या धर्मात देव एक की दोन? अहरिमन कोण?

गाथांत अहुर मज्द हा एकच ईश्वर आहे, आणि त्याच्याखाली दोन परस्परविरोधी प्रवृत्ती आहेत: हितकारक स्पेन्त मइन्यु आणि विध्वंसक अंग्र मइन्यु. पुढच्या पहलवी (मध्य फारसी) ग्रंथांत अंग्र मइन्युचाच अहरिमन झाला आणि तो थेट ईश्वराच्या समोर उभा ठाकला, त्यामुळे धर्माला द्वैतवादी स्वरूप आले. आजचे बहुतेक पारशी स्वतःला एकेश्वरवादी म्हणवतात. व्यवहारात या तत्त्वचर्चेपेक्षा तीन शब्द महत्त्वाचे: हुमत, हुख्त, हुवर्श्त, म्हणजे चांगला विचार, चांगला शब्द, चांगली कृती.

७. पारशी कमरेला जो दोरा बांधतात, ते जानवेच का?

कुळ एकच असावे, पण नियम वेगळे आहेत. तो दोरा म्हणजे कुस्ती. ती मेंढीच्या लोकरीच्या ७२ धाग्यांची असते, कारण यस्न या अवेस्ताच्या भागाचे अध्याय ७२ आहेत. ती पोकळ नळीसारखी विणतात आणि मग उलटी करून आतली बाजू बाहेर काढतात. हे काम परंपरेने नवसारीकडच्या धर्मगुरू घराण्यांतील स्त्रिया करत आल्या आहेत. ती पांढऱ्या मलमलीच्या सुद्रेह या सदऱ्यावर, कमरेभोवती तीन वेढे घेऊन, पुढे दोन आणि मागे दोन गाठी मारून बांधतात. सुद्रेहला गळ्यापाशी बोटभर रुंदीचा एक खिसा असतो. तो सत्कृत्ये साठवण्यासाठी आहे असे मुलांना शिकवतात.

जानव्याशी मोठा फरक असा, की नवजोत या संस्कारात सुद्रेह-कुस्ती मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारख्याच हक्काने मिळते. शिवाय कुस्ती एकदा बांधून ठेवायची नसते. सकाळी उठल्यावर आणि प्रार्थनेआधी ती सोडून, मंत्र म्हणत पुन्हा बांधायची असते. त्या मंत्रांत २१ शब्दांचा ‘यथा अहू वइर्यो’ आणि १२ शब्दांचा ‘अशेम वोहू’ हे प्रमुख आहेत. म्हणणाऱ्याला शब्दशः अर्थ माहीत असतोच असे नाही, आणि त्याला हसण्याचा अधिकार संध्येचे मंत्र अर्थासह म्हणणाऱ्यालाच आहे.

८. पारशी भारतात कधी आले? दुधात साखर विरघळवल्याची गोष्ट खरी आहे का?

इराणमधील सासानी राज्य सातव्या शतकात अरबांच्या आक्रमणाने कोसळले. त्यानंतर आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान काही जरथुष्ट्री कुटुंबे समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे उतरली. याची कथा सांगणारा मुख्य ग्रंथ म्हणजे नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने फारसी पद्यात लिहिलेला ‘किस्सा-ए-संजाण’. तो १५९९ चा, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेला आहे. त्यामुळे त्यातला तपशील परंपरा म्हणून वाचावा. त्यात जादी राणा आहे, त्याने घातलेल्या अटी आहेत (स्थानिक भाषा बोलावी, शस्त्रे खाली ठेवावीत, स्त्रियांनी इथला वेश घ्यावा, लग्ने संध्याकाळी लावावीत), पण दुधाचा पेला आणि साखर मात्र त्यात नाही. ती गोष्ट नंतर जोडली गेली.

दगडावरचा पुरावा हवा असेल तर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जावे. तेथे पहलवी लिपीतील लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या जरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आणि यज्दगर्दी सन (प्रश्न ११ पाहा) ३७८ व ३९० असा काळही दिला. ही वर्षे म्हणजे इसवी सन १००९ आणि १०२१. स्थळावर नाव कोरून ठेवण्याची खोड जुनीच, पण या पाहुण्यांनी तारीख घातल्यामुळे इतिहासाची सोय झाली.

महाराष्ट्राशी दुसरा धागा बाहरोटचा आहे. संजाणवर स्वारी झाली तेव्हा पवित्र अग्नी वाचवण्यासाठी धर्मगुरूंनी तो आजच्या पालघर जिल्ह्यातील बाहरोटच्या डोंगरात नेला आणि बारा वर्षे तेथील गुहेत जपला, असे किस्सा सांगतो. तोच अग्नी पुढे वांसदा, नवसारी असा फिरत १७४२ मध्ये गुजरातेतील उदवाडा येथे स्थिरावला. त्याचे नाव इराणशाह.

९. अग्यारी आणि आतश बेहराम यांत काय फरक आहे?

अग्नीच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरचा आतश बेहराम, मधला आतश आदरान आणि सर्वांत साधा दादगाह. सामान्य अग्यारीत बहुधा आदरान असतो. आतश बेहराम सिद्ध करणे हे फार दीर्घ काम आहे. त्यासाठी १६ प्रकारचे अग्नी गोळा करून, प्रत्येकाची पुन्हापुन्हा शुद्धी करून ते एकत्र करावे लागतात. त्यांत सोनाराच्या आणि कुंभाराच्या भट्टीचा अग्नी असतो, चितेचा असतो, आणि वीज पडून लागलेल्या आगीचाही असावा लागतो. भारतात असे आठच आतश बेहराम आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाड्यात प्रत्येकी एक.

दिवसाचे पाच ‘गाह’ असतात आणि प्रत्येक गाहाच्या आरंभी अग्नीची ‘बोई’ होते. धर्मगुरू श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून तोंडावर पदान हे पांढरे वस्त्र बांधतो, सुखड, म्हणजे चंदन, अग्नीला अर्पण करतो आणि घंटा वाजवतो. मध्यरात्रीनंतरही कोणीतरी उठून हे करत असते. उदवाड्यात हा क्रम १७४२ पासून चालत आला आहे.

१०. मी पारशी नाही. अग्यारी आतून पाहता येईल का?

भारतात, नाही. मुंबईत चर्चगेटजवळच्या १७२५ सालच्या भिखा बेहराम विहिरीच्या आवारालाही हाच नियम आहे. बाहेरून मात्र पुष्कळ दिसते; फोर्टमधील एका जुन्या अग्यारीच्या दारावरचे मनुष्यमुखी पंखधारी बैल थांबून पाहावेत असे आहेत. इराणमध्ये रीत निराळी आहे. यज्द शहरातील आतश बेहरामचा अग्नी कोणालाही काचेआडून पाहता येतो.

११. ‘पतेती’च्या शुभेच्छा दिल्या तर पारशी मित्र हसला. का? आणि त्यांचे नववर्ष वर्षातून किती वेळा येते?

पतेत म्हणजे पश्चात्ताप, प्रायश्चित्त. पतेती हा सरत्या वर्षाचा अखेरचा दिवस. त्या दिवशी झाल्या-गेल्या चुकांबद्दल क्षमा मागायची आणि दुसऱ्या दिवशी नवरोज साजरा करायचा, असा क्रम आहे. म्हणून शुभेच्छा द्यायच्या त्या ‘नवरोज मुबारक’ अशा. वर्तमानपत्रांनी आणि भिंतीवरच्या कालनिर्णयांनी ‘पतेती’ इतकी रुळवली आहे, की आता पुष्कळ पारशीही ती चूक मनावर घेत नाहीत.

दुसरा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. पारशी वर्षात ३० दिवसांचे १२ महिने आणि अखेरीस पाच गाथादिन, असे ३६५ दिवस असतात. लीप दिवस नसल्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतो. आज तो ऑगस्टच्या मध्यावर येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी तो सप्टेंबरच्या मध्यावर येत असे. ही तूट भरून काढण्यासाठी भारतातील पारशांनी मध्ययुगात एकदा पूर्ण अधिक महिना धरला. इराणमध्ये तो धरला गेला नाही. अठराव्या शतकात सुरतेत हा फरक लक्षात आला तेव्हा एका गटाने इराणी गणना स्वीकारली. ते कदमी, त्यांचे नववर्ष एक महिना आधी येते. उरलेले शहेनशाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तिसरा, फसली पंथ निघाला. त्याने लीप दिवस स्वीकारून वर्षारंभ २१ मार्चला बांधला. तोच जमशेदी नवरोज, आणि सण म्हणून तो सगळेच पाळतात. महाराष्ट्र शासनाची ऑगस्टमधील सुटी शहेनशाही नववर्षाची असते.

तिन्ही पंचांगांतील सनाची गणना मात्र एकच: ६३२ मध्ये शेवटचा सासानी सम्राट तिसरा यज्दगर्द गादीवर आला तेव्हापासून. त्याचे राज्य बुडून तेराशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्याचा सन चालू आहे.

१२. इराणी हॉटेलवाले पारशीच का?

धर्म एकच, येण्याचा काळ वेगळा. इराणी म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी यज्द-केरमान भागातून छळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून आलेले जरथुष्ट्री. कोपऱ्यावरच्या जागेत चहा, ब्रून आणि बनमस्का विकणारी हॉटेले त्यांचीच, अर्थात काही मुसलमान इराण्यांचीही होती. सारे पारशी जरथुष्ट्री असतात; सारे जरथुष्ट्री पारशी नसतात. हा भेद कायद्यात कसा महत्त्वाचा ठरतो ते पुढे पाहा.

१३. लग्न करून किंवा धर्मांतराने पारशी होता येते का? मुलांचे काय?

१९०८ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा निकाल येथे मैलाचा दगड आहे. रतनजी दादाभॉय टाटा यांनी सुझान ब्रियेर या फ्रेंच स्त्रीशी विवाह केला आणि तिची नवजोत करण्यात आली. अशा व्यक्तीला पारशी धर्मादाय संस्थांचा लाभ मिळावा का, हा वाद त्यातून पेटला. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी धर्म आणि समाज वेगळे काढले. जरथुष्ट्री धर्मात धर्मांतर मान्य आहे, पण त्यामुळे कोणी ‘पारशी’ होत नाही, असे त्यांनी म्हटले. पारशी कोण? मूळ स्थलांतरितांचे वंशज असलेल्या पारशी आईवडिलांची अपत्ये, इराणमधून आलेले जरथुष्ट्री, आणि पारशी पिता व परकी माता यांची रीतसर धर्मात घेतलेली मुले.

अपवादाची खरी धार या तिसऱ्या वर्गात आहे: वडील पारशी असतील तर मुलांना दार उघडे, आई पारशी असेल तर बंद. बाहेर लग्न केलेल्या पारशी स्त्रीला स्वतःला तरी अग्यारीत जाता यावे का, हाही वाद न्यायालयात गेला. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने विवाहानंतर पत्नीचा धर्म पतीच्या धर्मात विलीन होतो असे धरले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना वलसाडच्या अंजुमनने, म्हणजे तेथील पारशी समाजाच्या संस्थेने, दाद मागणाऱ्या स्त्रीला आईवडिलांच्या अंत्यविधीसाठी प्रवेश देण्याचे मान्य केले. ज्या धर्माने मुलीच्या कमरेला मुलाइतक्याच हक्काने कुस्ती बांधली, त्याच्या अनुयायांनी हा भेद कवटाळून बसावे हे विसंगत आहे, असे येथे नोंदवणे भाग आहे.

१४. पारशांची संख्या इतकी का घटत आहे?

१९४१ च्या जनगणनेत अखंड भारतात १,१४,८९० पारशी होते. २०११ मध्ये भारतात ५७,२६४. उशिरा होणारे किंवा न होणारे विवाह, कमी जन्म, परदेशी स्थलांतर ही मुख्य कारणे आहेत. प्रश्न १३ मधील नियम हे आणखी एक. केंद्र सरकारने २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ ही योजना सुरू केली आणि तीत अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी साहाय्य दिले जाते.

१५. दखम्यात मृतदेह ठेवण्याची प्रथा अजून चालू आहे का? गिधाडे तर उरली नाहीत.

चालू आहे, अडचणीत आहे. अग्नी, पाणी आणि माती पवित्र असल्यामुळे त्यांना मृतदेहाचा स्पर्श होऊ नये, म्हणून तो दखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, गिधाडांच्या स्वाधीन करावा, असा हा विचार. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत ही व्यवस्था सतराव्या शतकापासून आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने भारतातील गिधाडे बहुतांश संपली. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवली गेली, पण पावसाळ्यात त्यांचा उपयोग मर्यादित असतो. दहन पत्करणाऱ्यांसाठी वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ मध्ये प्रार्थनागृह सुरू झाले. इराणमध्ये ही प्रथा विसाव्या शतकात बंद पडली. तेथे आता दफन करतात.

१६. पारशी मित्राच्या घरी मृत्यू झाला आहे. डुंगरवाडीवर जाता येईल का?

जाता येईल, आणि जावे. पांढरे कपडे घालावेत आणि डोके झाकण्यासाठी टोपी किंवा रुमाल सोबत ठेवावा. अंतिम दर्शन घ्यायचे असल्यास विधी सुरू होण्यापूर्वी पोहोचावे, कारण देहावर धार्मिक संस्कार झाल्यानंतर पारशी नसलेल्यांना चेहरा पाहता येत नाही. विधी चालू असताना त्यांच्यासाठी बसण्याची वेगळी जागा असते. निघण्याची वेळ झाली की पांढऱ्या डगल्यातील पारशी मंडळी दोघादोघांनी, मधे एक पांढरा रुमाल धरून, मृतदेहामागे चालू लागतात. त्या रांगेत सामील न होता आपल्या जागी उभे राहावे.